मागे बसणाऱ्या मुलाविषयी : एक संवाद

धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यातील सास्तूर हे गाव उभ्या महाराष्ट्राला ठाऊक झाले ते एका दुर्दैवी पहाटेमुळे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, आदल्या दिवशी गणपती विसर्जन करून थकून निजलेल्या लातूर व उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यांच्या सीमेवरील गावांना ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंपाचा जो धक्का बसला, त्याने दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांच्यावरची मातीने जड झालेली माळवदे निद्रिस्त माणसांवर आणून टाकली, व सुमारे ८ हजार माणसे त्यांखाली दगावली. ज्या गावांची अतोनात हानी झाली त्यांत सास्तूर होते. पुढे पत्र्याच्या शेडमध्ये शाळा पुन्हा भरू लागल्या तेव्हा वर्गातील कोणते मूल अडचणीत आहे हे शोधण्याचे शिक्षकाला कारण उरले नव्हते, कारण हजेरीपटावरील प्रत्येकच नाव अडचणीतले होते. आणि मला असे वाटते की मुलाचे दुःख, त्याचे वर्तन आणि त्याचा अभ्यास ह्या एकाच गोष्टीच्या तीन बाजू आहेत, हे ह्या भागातील शिक्षकांना जितक्या लख्खपणे त्या वर्षी दिसले असेल तितके एरवी कोणालाही दिसत नाही.

त्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. गाव नव्या जागी वसले, स्पर्श ग्रामीण रुग्णालय उभे राहिले, दिव्यांग मुलांची निवासी शाळाही आज सास्तुरात आहे. आणि अडचणीतल्या मुलाचा प्रश्न पुन्हा आक्रसून सतरंजीच्या मागच्या टोकाला बसणाऱ्या एकेका मुलापुरता राहिला. अशाच एका चौथीतल्या मुलासंबंधीचा वाद मी येथे दोन व्यक्तींच्या तोंडून मांडीत आहे. गुरुजी हे जिल्हा परिषदेच्या शाळांतून हयात घालवून निवृत्त झालेले मुख्याध्यापक, आणि बाई ह्या समावेशित शिक्षणाच्या फिरत्या विशेष शिक्षिका, ज्यांच्या यादीत एक नव्हे, अनेक शाळा आहेत. दोघेही, आणि तो मुलगाही, कल्पित आहेत. त्यांचे मुद्दे मात्र त्या परिसरात रोज बोलले जाणारे आहेत.

गुरुजी : बाई, त्या मुलाला जूनपासून मूकबधिरांच्या निवासी शाळेत पाठवावे असा विचार शाळेने केला आणि तुम्ही त्याला हरकत घेतली, असे ऐकले. हरकत घेण्याचा तुमचा अधिकार मी नाकारीत नाही. परंतु मी जे पाहिले आहे ते आधी ऐका. माझ्या एका शाळेत एक मुलगी होती, जन्मतः बहिरी. फळ्यावरचे अक्षर ती इतके वळणदार उतरवून घेई की तपासणीला आलेले साहेब तिची वही हाती धरून वर्गाला दाखवीत, आणि सात वर्षे तिची हजेरी भरली, सात वर्षे ती पुढच्या इयत्तेत गेली. परंतु त्या वळणदार ओळींतील एका शब्दाचाही अर्थ तिला कधी उमगला नव्हता, कारण ज्या भाषेत तो अर्थ तिला सांगता आला असता ती हातांची भाषा शाळेत कोणालाच येत नव्हती. तिला आपण आपल्यात ठेवली असे सगळे समाधानाने म्हणत. वस्तुतः ती आमच्यात नव्हतीच. तिच्यासारख्या मुलीला स्वतःची भाषा मिळते, मैत्रिणी मिळतात, भांडायला आणि गुपिते सांगायला कोणी मिळते, ते निवासी शाळेतच. मग केवळ जवळपणाच्या मायेपोटी तिला तेथून वंचित ठेवणे हा अन्याय नव्हे काय?

बाई : त्या मुलीच्या बाबतीत मी तुमच्याशी वाद घालणार नाही, गुरुजी. परंतु ह्या मुलाला त्या मुलीच्या मापाने मोजू नका. त्याचा उजवा कान अंगणवाडीत असल्यापासून वाहतो; पावसाळ्यात अधिक, उन्हाळ्यात कमी. घरी लसूण घालून तापवलेले तेल कानात सोडतात आणि वर कापसाचा बोळा लावतात. कान कोरडा असेल त्या दिवसांत तो पुढच्या ओळीत बसला तर सांगितलेले ऐकतो, उत्तर देतो, गाणेही म्हणतो. कान फुटला की मागे जातो, कारण वास येतो म्हणून शेजारची मुले त्याला सरकवतात. मागे गेला की काही ऐकू येत नाही, ऐकू आले नाही की काही समजत नाही, आणि पुस्तक समजत नसलेल्या मुलाने पाच तास करावे तरी काय? ज्याला तुम्ही बहिरेपण म्हणता तो एक न झालेला इलाज आहे.

गुरुजी : आणि मारामारी? गेल्या महिन्यात त्याने एका मुलीला पाटी फेकून मारली. त्याच्या अडचणीचा विचार करताना वर्गातल्या उरलेल्या मुलांचा विचार कोणी करावयाचा? दोन शिक्षक, चार इयत्ता, त्यांतला एक शिक्षक निम्मा वेळ माहिती भरण्यात गुंतलेला. अशा शाळेत एका मुलामागे एक माणूस बसविणे शक्य नाही, आणि शक्य नसलेली गोष्ट शिक्षकाच्या गळ्यात बांधून त्यालाच निर्दय ठरविण्याची जी रीत पडत चालली आहे ती मला मान्य नाही.

बाई : शिक्षकाला मी निर्दय म्हणत नाही. पाटीचे मात्र सांगते, कारण त्या दिवशी मी शाळेत होते. ती मुलगी त्याच्या उजव्या बाजूने, मागून आली आणि तिने त्याच्या खांद्यावर हात टाकला. तिची चाहूल त्याला लागलीच नाही. दचकून त्याने हातातले होते ते फेकले. मी त्यानंतर त्याची मागची सहा भांडणे मुलांना विचारून लिहून काढली. एक सोडून सगळी उजव्या बाजूची निघाली. शेरा लिहिताना आपण ‘वर्तन उद्धट’ असे लिहितो, आणि उजव्या कानाची नोंद आरोग्याच्या कार्डावर राहते. दोन्ही कागद एकाच कपाटात असतात, पण ते एकत्र कोणी वाचीत नाही.

(येथे गुरुजी काही काळ बोलले नाहीत. कागद एकत्र न वाचले जाण्याची तक्रार त्यांनी स्वतःही आयुष्यभर केली असणार; म्हणून पुढे ते बोलले ते माघार म्हणून नव्हे, तर मुद्दा अधिक खोल नेण्यासाठी बोलले, असे मी समजतो.)

गुरुजी : भूकंपानंतरचे दिवस आठवून पाहा; तुम्ही तेव्हा लहान असाल. शांतिलाल मुथ्था ह्यांच्या भारतीय जैन संघटनेने आमच्या भागातली सुमारे १२०० मुले पुण्याला नेली, त्यांच्यासाठी पुढे वाघोलीला शैक्षणिक पुनर्वसनाचे केंद्र उभे केले, आणि त्यांना शिकविले. मूल मातीपासून तोडले, असे त्या वेळीही काही लोक म्हणाले. परंतु ज्या मातीखाली आईबाप गाडले गेले होते त्याच मातीत रोज उभे राहणे हे त्या लेकरांचे भाग्य, असे कोणी म्हणावे काय? दूर जाणे हाही कित्येकदा इलाज असतो. आणि निवासी शाळेचे आम्हांला वावडे कशाला असावे? आपल्याच तालुक्यातील हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ साली निजामी अमलात निघाली, तेथे मुले घर सोडूनच राहत; स्वामी रामानंद तीर्थ संन्यास घेण्यापूर्वी तेथे मुख्याध्यापक होते. त्या मुलांचे घर सोडल्याने काय अकल्याण झाले?

बाई : हिप्परग्याला मुले गेली ती त्यांच्यात काही आहे म्हणून, आपण ह्या मुलाला पाठवितो आहोत तो त्याच्यात काही नाही म्हणून. तो अजून अकरा वर्षांचाही नाही, पण एवढा भेद त्याला कळतो. आणि भूकंपाचीच गोष्ट काढलीत तर दुसरीही सांगा. पन्नालाल सुराणा आणि राष्ट्र सेवा दल ह्यांनी नळदुर्गजवळ ‘आपलं घर’ काढले तेही त्याच अनाथ मुलांसाठी. तेही निवासीच होते, परंतु आपल्या जिल्ह्यात, आपल्या बोलीच्या माणसांत, मामा-मावशी एसटीने येऊन भेटून जातील इतक्या अंतरावर. पुण्याला गेलेल्यांचे भले झाले, नळदुर्गला राहिलेल्यांचेही झाले. ह्यावरून एवढेच ठरते की अंतर ही गौण बाब आहे. मुलाला ओळखणारे माणूस तेथे आहे की नाही ही मुख्य. ह्या मुलाला ओळखणारी माणसे आजमितीला ह्याच गावात आहेत.

गुरुजी : ओळखणारी आहेत, शिकविणारी आहेत काय? तुम्ही महिन्यातून किती वेळा ह्या शाळेत येता?

बाई : दोनदा. कधी एकदाच.

गुरुजी : मग हेच तर माझे म्हणणे. तुमच्या पक्षाचे लोक ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांचा दाखला देतात. बोर्डीला आणि पुढे कोसबाडला त्यांनी पाहिले की आदिवासी मुले गुरे राखतात म्हणून शाळेत येत नाहीत, तेव्हा त्यांनी कुरणशाळा काढली. मूल शाळेकडे येत नसेल तर शाळा मुलाकडे जाईल, हे त्यांनी करून दाखविले. परंतु कुरणात शासनाचे परिपत्रक गेले नव्हते, बाई. कुरणात शिक्षक गेला होता, आणि तो रोज जात असे. महिन्यातून दोनदा येणाऱ्या शिक्षिकेच्या भरवशावर समावेशन चालविणे म्हणजे ताराबाईंचे नाव घेऊन त्यांच्या कामाचा गाभा सोडून देणे होय.

बाई : ह्या मुद्द्याला माझ्याजवळ उत्तर नाही. मला शाळा कमी द्याव्यात असे मी लेखी मागितले आहे आणि पुन्हा मागेन. परंतु मी कमी येते म्हणून मुलाने गाव सोडावे, हा निष्कर्ष मला उलटा वाटतो. तालुक्यात अडखळणाऱ्या मुलांची माझी यादी पाहा. निवासी विशेष शाळेची खरोखर गरज असलेली मुले तीत थोडी आहेत. बाकीची कोण? चष्मा नसलेली; रक्त कमी असलेली; आईबापांबरोबर ऊसतोडीला जाऊन अर्धे वर्ष बुडविणारी; घरात दारू असलेली; बाप गेल्यापासून न बोलणारी; आणि सगळे ठीक असून अक्षर न लागणारी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक २०१३ पासून येते, शाळेत वर्षातून एकदा. त्या दिवशी मूल गैरहजर असले की पुढच्या वर्षावर गेले. अशा मुलांना कोणत्या निवासी शाळेत पाठवाल? त्यांना आहे त्याच वर्गात, आहे त्याच बाईंकडून, थोडे निराळे शिकविले पाहिजे.

गुरुजी : अक्षर न लागणारी म्हणजे?

बाई : ही वही पाहा, तिसरीतल्या मुलीची आहे. ‘घ’चा ‘ध’ आणि ‘भ’चा ‘म’ तर नेहमीचाच. परंतु येथे पाहा, ‘दिवस’ लिहिताना तिने वेलांटी ‘द’च्या नंतर काढली आहे, आणि ती दीर्घ झाली, ‘किती’चे ‘कीती’, ‘पिवळा’चे ‘पीवळा’. तुम्ही ह्याला शुद्धलेखनाची चूक म्हणून लाल रेघ माराल. पण ती काय करते आहे ते ऐका : आधी ‘द’ ऐकू येतो, नंतर ‘इ’ ऐकू येते, म्हणून ती त्याच क्रमाने लिहिते. ह्रस्व वेलांटी मात्र आपण उच्चारतो नंतर आणि काढतो आधी. बहुतेक मुले हे न सांगताच उचलतात. हिच्यासारखीला ते बोटाने गिरवून, वाळूत काढून, पुन्हापुन्हा सांगावे लागते. संख्यांचेही तसेच. ‘पंचवीस’मध्ये पाच आधी ऐकू येतो, लिहायचा नंतर, ही ५२ लिहिते. तिला आळशी म्हणणारे बरेच आहेत.

गुरुजी : २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘वीस पाच’ आणले, त्याचे कारण हेच होते तर. मी त्याच्या विरुद्ध होतो आणि आजही आहे. ‘पंचवीस’, ‘सत्तावन्न’, ‘एकोणऐंशी’ ही आपली पिढीजात संपत्ती आहे. बाजारात, पंचांगात, म्हाताऱ्यांच्या बोलण्यात ती आहे. काही मुलांना जड जाते म्हणून सर्वांची भाषा हलकी करणे मला पटत नाही.

बाई : त्या वेळी विधानसभेपर्यंत वाद गेला, पण पुस्तक फारच थोड्यांनी उघडून पाहिले. मंगला नारळीकर ह्यांच्या समितीने ‘पंचवीस’ काढून टाकले नव्हते. दोन्ही वाचने दिली होती. ज्याला ‘पंचवीस’ येते त्याचे काही गेले नाही, आणि ज्याला येत नव्हते त्याला हात धरायला एक पायरी मिळाली. माझ्या मते अडखळणाऱ्या मुलाला द्यावयाच्या मदतीचा हा उत्तम नमुना आहे, कारण तीत कोणालाही वेगळे बसविले नाही, कोणाचे नाव कोणत्याही यादीत लिहावे लागले नाही.

(गुरुजींना हे पूर्ण पटले असे वाटत नाही, मला मात्र बाईंचे म्हणणे पटते, आणि त्या वादात भाषाभिमानाच्या नावाखाली लहान मुलांच्या अडचणीची जी उपेक्षा झाली तिचे मला आजही वाईट वाटते.)

गुरुजी : नाव यादीत लिहिण्याची तुम्हांला एवढी धास्ती का, हे मला उमगत नाही. कागदाला तुम्ही शत्रू समजता. गरिबाला कागदाखेरीज दुसरे शस्त्र कोणते आहे? मुंबईत शीवच्या रुग्णालयासारख्या मोजक्या ठिकाणी अध्ययन-अक्षमतेची तपासणी होऊ लागली, आणि दहावीच्या मंडळाने त्या दाखल्यावर जादा वेळ, लेखनिक, गणिताची सवलत देऊ केली. त्याला आता बरीच वर्षे झाली. पण दाखला मिळणार मुंबईच्या रुग्णालयात! त्या काळात एकाच तऱ्हेची दोन मुले घ्या. मुंबईचे मूल अध्ययन-अक्षम ठरून पास झाले, आणि आमच्या उमरगा-लोहाऱ्याचे नापास ठरून बापाबरोबर कोयता धरायला गेले. २०१६ च्या कायद्याने दिव्यांगतेचे प्रकार सातांवरून एकवीस केले, त्यांत अध्ययन-अक्षमता आली. हे केवळ कागदावर झाले म्हणून तुच्छ मानू नका. नाव लिहिले जावे, तारखेनिशी लिहिले जावे, आणि त्या नावापुढे काय केले त्याची विचारणा व्हावी, ह्यासाठीच मी भांडतो आहे. नाव नसलेल्या मुलाचा कोणी जबाब देत नाही.

बाई : कागद असावा, मान्य. परंतु क्रम पाहा. दाखल्याची गरज दहावीला लागते आणि दुःख तिसरीपासून सुरू होते. मधली सात वर्षे ‘आधी तपासणी होऊ द्या, मग पाहू’ ह्या उत्तरात जातात. वेलांटी वाळूत गिरवायला कोणाची मंजुरी लागते? उजवा कान भिंतीकडे आणि डावा कान बाईंकडे येईल असे मुलाला बसवायला कोणता दाखला लागतो? तुमच्या कागदाला माझा विरोध नाही. कागद येईपर्यंत मूल थांबावे ह्याला आहे. आणि गावात नाव चिकटते, गुरुजी. शहरात डॉक्टरने लिहिलेले घरापुरते राहते. येथे ‘त्या शाळेतला’ म्हटले की लग्नापर्यंत तेच.

गुरुजी : परीक्षा रद्द करून मूल आपोआप पुढे ढकलण्याच्या धोरणाने हेच नुकसान केले, हे तरी मानाल? २००९ च्या कायद्याने आठवीपर्यंत कोणाला मागे ठेवायचे नाही असे ठरले, आणि न वाचता येणारी मुले न बोलता वर सरकली. आता २०२३ पासून आपल्या राज्यात पाचवी-आठवीला पुन्हा परीक्षा आली ते बरे झाले.

बाई : मागे ठेवल्याने वाचता येते असे मला कधी दिसले नाही, त्याच बाईंकडून तेच पुस्तक दुसऱ्यांदा. पण न बोलता वर सरकली, हे खरे आहे. त्या वहीवरची लाल रेघ तिसरीची आहे. पहिलीत आणि दुसरीतही ती चूक होतीच. दोन वर्षे ती कोणी लिहून ठेवली नाही.

गुरुजी : मग माझी अट ऐका, म्हणजे शाळेला मी काय सांगायचे ते ठरेल. जूनमध्ये मुलाला पाठवायचे नाही, हे मी त्यांना सांगतो. पण त्याआधी कान तज्ज्ञाला दाखवायचा, ऑडिओमेट्री करायची, तिचा कागद शाळेत यायचा; मुलगा पुढच्या ओळीत, तुम्ही म्हणता त्या बाजूला बसायचा; आणि तुमच्या प्रत्येक भेटीची नोंद, त्या दिवशी काय शिकविले ह्यासह, वर्गशिक्षकाच्या सहीने ठेवायची. दिवाळीपर्यंत त्याला साधे वाक्य वाचता आले नाही तर निवासी शाळेचा विचार पुन्हा करायचा.

बाई : अट मान्य, मुदत नाही. मुदत जूनपासून मोजू नका. कान बरा होईल किंवा श्रवणयंत्र हाती येईल त्या दिवसापासून मोजा. मधला वेळ त्याने नापास होण्यात का घालवावा?

गुरुजी : ठीक. त्या दिवसापासून सहा महिने. पण एक गोष्ट तुम्ही आणि मी दोघेही विसरतो आहोत. त्याचे आईबाप दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. कान बरा झाला, यंत्र आले, आणि मुलगा टोळीबरोबर फडावर गेला तर कोठली नोंद आणि कोठले सहा महिने? शिक्षण हमी कार्ड हातात देऊन आपण मोकळे होणार. यंत्राची बॅटरी फडावर कोण बदलील?

बाई : आजी गावातच आहे. हंगामी वसतिगृह मंजूर झाले तर तो आजीजवळ निजेल, जेवण शाळेत होईल. गेल्या साली प्रस्ताव उशिरा गेला म्हणून मंजुरी येईतो निम्मा हंगाम संपला होता.

गुरुजी : म्हणजे शेवटी तुम्हीही वसतिगृहच मागता.

बाई : मागते. आजीच्या घरापासून हाकेच्या अंतरावरचे.

गुरुजी : प्रस्ताव ह्या वेळी ऑगस्टमध्ये गेला पाहिजे; पटावर किती मुले स्थलांतर करणार ती यादी मी करून देतो, घरे मला ठाऊक आहेत. त्याच्या आईला मात्र निवासी शाळेचेही सांगा. तुमची बाजू आणि माझी, दोन्ही एकाच बैठकीत, मुलासमोर. ठरवायचे तिने आहे.

बाई : तुम्हीही चला. मुकादमाकडून उचल घेण्याआधी गेले पाहिजे. उचल घेतल्यावर ती नाही म्हणू शकणार नाही.

गुरुजी : उचल पोळ्याच्या आसपास होते. त्याआधी रविवार पाहून जाऊ. आणि कानाचे आजच सांगून ठेवा, तेल घालायचे बंद करा म्हणून.